रोज जवळ ठेवायला छोटा घडीचा चाकू – कोणता घ्यावा?

अंजिरी – ९ फेब्रुवारी, रात्री १०:४२

मंडळी, चाकू घ्यायचाय. कांदे चिरायचा नाही. घडीचा, पर्सच्या आतल्या कप्प्यात किंवा कुर्त्याच्या खिशात मावेल असा.

आधी थोडं पाल्हाळ. (कंटाळा आला तर खाली उडी मारा.) बाबांचा एक दोन पात्यांचा चाकू होता. मुठीला काळं शिंगासारखं काहीतरी, एका बाजूने तडकलेलं. मोठं पातं पाजवून पाजवून इतकं झिजलं होतं की मिटल्यावर मुठीत कुठे लपलंय ते शोधावं लागे. रेल्वेत बाबा पेरू कापायला बसले की तो चाकू अख्ख्या डब्यात फिरायचा. परत आला की रुमालाला पुसायचे आणि मिटायचे. खट्. तो आवाज आला म्हणजे पेरू संपले, असं आम्ही भावंडं समजायचो.

बाबांनंतर बारा वर्षं तो माझ्या पर्समध्ये होता. जानेवारीत विमानतळावर तपासणीत पर्स उलटी केली आणि निघाला. विसरले मीच, दोष माझाच. "परत जाऊन चेक-इन सामानात टाका" म्हणाले, पण सामान पुढे गेलेलं आणि बोर्डिंग सुरू झालेलं. तिथे एक पारदर्शक डबा होता, त्यात माझ्याच हाताने टाकला. आत दोन-तीन कात्र्या आणि एक स्क्रूड्रायव्हर होता.

असो. कामं अशी: फळं (मुख्यतः पेरूच), कुरिअरच्या खोक्यांच्या चिकटपट्ट्या, सुतळी, दुधाची पिशवी, मुलाच्या पेन्सिली, रविवारी डोंगरात काकडी. पातं तीन इंचांच्या आत. बजेट अडीच हजार, थोडं मागेपुढे चालेल. नवरा म्हणतो, नेलकटरला असतं की पातं. त्या पात्याने मी एकदा संत्रं सोलायला घेतलं होतं, संत्र्यानेच मला सोललं.

आणि हो, बाहेर काढल्यावर शेजारची बाई सरकून बसेल असा नको.


धोंडू_रामपुरी – ९ फेब्रुवारी, रात्री १०:५१

जागा धरायला रुमाल टाकून ठेवतो.

बाकी ताई, रामपुरी घ्या. खटका दाबला की पेरू घाबरून आपणहून फाकतो. (ह. घ्या.)


काळा_डगला – ९ फेब्रुवारी, रात्री ११:३०

धोंडोपंत, हलकेच घेतलं, पण कोणीतरी हे खरं मानून मागवेल म्हणून लिहितो.

शस्त्र अधिनियम १९५९ खालच्या नियमांत जी यादी आहे तिच्यात नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले वगळून. म्हणजे अंजिरीताईंच्या अडीच-तीन इंची फळकाप्याला परवाना-बिरवाना काही लागत नाही.

पण इथेच थांबू नका. आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ आहे, त्याचं कलम ३७. पेपरात आतल्या पानावर "शहरात मनाई आदेश लागू" अशी चौकट येते ना, जी आपण वाचत नाही, तीच. सणवार, निवडणूक, मोर्चे अशा दिवसांत निघतो. त्या यादीत तलवारी, भाले, सोटे, काठ्या यांच्या रांगेत चाकूही असतो, आणि वर "शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू". तिथे इंचांचा हिशेब नाही. त्या दिवसांत गर्दीत जाताना चाकू घरी ठेवावा.

दिल्लीला जाणं होत असेल तर तिथली जुनी अधिसूचना निराळी आहे. बटनदार, गरारीदार किंवा अशाच यांत्रिक युक्तीने उघडणारा चाकू असेल आणि पातं ७.६२ सेंमी लांब व १.७२ सेंमी रुंद किंवा त्याहून मोठं असेल, तर अडचण. लोक कोर्टात अक्षरशः मोजपट्टीवरून भांडतात.

शेवटचं. कोणी विचारलं "कशाला ठेवलाय?" तर "स्वसंरक्षणासाठी" हे उत्तर शहाणपणाचं नाही. फळ कापायचा चाकू त्या एका शब्दाने हत्यार होतो. पेरूसाठी ठेवलाय ना, मग पेरूच सांगा.


अंजिरी – १० फेब्रुवारी, सकाळी ७:१५

काळा_डगला, आभार. पिशवीत पेरू ठेवतच जाईन, पुरावा म्हणून.


डोंगरवाटा – १० फेब्रुवारी, सकाळी ९:०४

ताई, घ्यायच्या आधी एकच गोष्ट ठरवा: पातं उघडल्यावर लॉक व्हायला हवं की नको.

तुमच्या बाबांचा तो "खट्" म्हणजे पाठीच्या पट्टीचा आवाज. मुठीच्या पाठीत स्प्रिंगची पोलादी पट्टी असते, ती पात्याच्या बुडावर दाब देते. उघडं असो की मिटलेलं, पातं त्या दाबावर बसतं. लॉक नाही. ओढून कापायच्या कामाला एकदम छान. पण टोकाने भोक पाडायला गेलात, किंवा पात्याची पाठ कशावर आपटली, तर ते बोटांवर मिटतं. हरिश्चंद्रगडावर माझ्या मित्राने असल्या चाकूने पट्ट्याला भोक पाडायला घेतलं होतं. तर्जनीला चार टाके. उतरताना सगळा वेळ तो हात वर करून चालत होता, जसा काही वर्गात प्रश्न विचारायचाय.

लॉकवाल्यात तुमच्या बजेटमध्ये मला एकच आवडतो, फ्रान्सचा ओपिनेल. सावोआच्या डोंगरात जोसेफ ओपिनेलने १८९० च्या सुमाराला शेतकऱ्यांसाठी काढला. लाकडी गोल मूठ, एक पातं, ते ज्यावर फिरतं तो एक खिळा. १८९७ पासून १ ते १२ अशा नंबरांत मिळायला लागला. गळ्याशी पत्र्याची फिरणारी कडी असते, ती १९५५ ची. कडी फिरवली की पातं मिटत नाही. २००० नंतरच्या चाकूंत मिटलेलं पातंही तिने बंद राहतं, म्हणजे पर्समध्ये उघडायची भीती नाही. लोक डोळे झाकून ८ नंबर घेतात, पण त्याचं पातं साडेआठ सेंमी. तुमची तीन इंचांची अट असेल तर ६ नंबर, सात सेंमीचा. कडी त्या नंबरापासूनच सुरू होते, त्याहून लहानांना नसते.

बिनलॉकमध्ये अर्थात व्हिक्टोरिनॉक्स. कॅडेट बघा. मिटल्यावर ८४ मिमी, ॲल्युमिनियमची चपटी मूठ, खिशात आहे हे विसरायला होतं. (विमानतळावर जाताना मात्र विसरू नका.)


पोलादपूरकर – १० फेब्रुवारी, दुपारी १:२०

पोलादाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. नाव पोलादपूरकर असलं तरी राहतो भोसरीत, काम टूलरूममध्ये.

या नादात पडलात की दोन दिवसांत तुमच्या तोंडी पोलादाचे आकडे आणि अक्षरं यायला लागतील. डी टू, अमुक सीआर, तमुक व्ही. मी पडलोय. सहा चाकू घेतले, पाच ड्रॉवरमध्ये आहेत. जो रोज खिशात असतो तो त्यातला सगळ्यात मऊ पोलादाचा आहे. व्हिक्टोरिनॉक्सचं पातं कडकपणात ५५-५६ रॉकवेलच्या आसपास असतं. नादिष्ट लोक त्याला हसतात. पण मऊ म्हणूनच ते चहाच्या कपावर पाच मिनिटांत परत लागतं. खरंच कपावर. कप उलटा केला की बुडाला बिनचकाकीची खरखरीत कडा असते, तिच्यावर हलक्या हाताने ओढा.

दुसरं म्हणजे पात्याची जाडी. हे कोणी सांगत नाही, कारण फोटोत दिसत नाही. माझ्या ड्रॉवरमधला सगळ्यात महाग चाकू साडेतीन मिमी जाडीचा आहे. दिसतो वाघासारखा. पेरूत घातला तर अर्ध्यात अडकतो, मग जोर दिला की पेरू "फुटतो", कापला जात नाही. बिया उडून शर्टावर. गाजराचं तेच. ओपिनेल, कॅडेट यांची पाती दीड-दोन मिमीची, म्हणून ती फळात सरळ उतरतात. ताई, दुकानात गेलात तर पातं वरून, पाठीच्या बाजूने बघा. पोलादाचं नाव नंतर विचारा.

कार्बन की स्टेनलेस? आपल्या हवेत स्टेनलेसच. स्टेनलेस म्हणवून घ्यायला साडेदहा टक्क्यांच्या पुढे क्रोमियम लागतं, साध्या कार्बन पोलादात ते जवळजवळ नसतं. कार्बन पोलाद धार सुरेख घेतं, पण लिंबू कापून तसंच मिटलंत तर सकाळी तांबूस ठिपके. डी टू वाले "सेमी स्टेनलेस" म्हणतात. माझा डी टू जुलैत खिशातल्या घामाने गंजला.


खान्देशी_शेव – १० फेब्रुवारी, रात्री ८:४७

भाऊ, माझा अनुभव लिहून ठेवतो म्हणजे कोणी फसणार नाही. एका साइटवरनं "अस्सल दमास्कस" घडीचा चाकू मागवला, सोळाशेला. पात्यावर काय ते लाटांचं नक्षीकाम, आहाहा. हातात घेतला तर पातं डावीउजवीकडे डुलतं, लग्नातल्या मामासारखं. तारेच्या घासणीने घासला, तर लाटा निघून घासणीला लागल्या. वरून छापलेल्या होत्या!

जत्रेत दीडशेला मिळतात ते लाल मुठीचे "स्वीस" पण नका घेऊ. टोमॅटो कापताना पातं वाकलं. टोमॅटो जळगावचा होता, कबूल आहे, पण तरी.


अंजिरी – १० फेब्रुवारी, रात्री ९:१०

लग्नातला मामा _/\_ हसून हसून पुरेवाट.

पोलादपूरकर, एक शंका. बाबांचा चाकू नक्की कार्बनचा असणार, कारण पातं काळंनिळं झालेलं होतं आणि पेरूच्या फोडींना कडेला किंचित करडेपणा यायचा. मला तो रंग आवडायचा. हे वेडेपण आहे का?


पोलादपूरकर – १० फेब्रुवारी, रात्री ९:३२

वेडेपण नाही. फळातलं टॅनिन आणि पात्यातलं लोखंड यांची ती करामत. लोखंडी विळीवर कैरी चिरली की काळी पडते तेच. पात्यावर बसतो तो काळानिळा थर तांबड्या गंजापासून थोडंफार राखतोही. पण कैरीला लोखंडाची चव लागते आणि तुमच्या घरचे तुम्हाला बोलतील. मी सांगायचं काम केलं.


अवांतर_आजी – ११ फेब्रुवारी, सकाळी ६:०२

माझा अभिप्राय कोणी मागितलेला नाही, तरी देते.

चाकू कोणाच्या हातात थेट देऊ नये, खाली ठेवावा आणि दुसऱ्याने उचलावा. आमच्याकडे म्हणत, भांडण होतं. मला वाटतं बोट कापून घेऊन मग भांडत असतील. कात्री नुसती वाजवायची नाही, हेही त्यातलंच. आणि मोठ्या लेकीच्या वेळी माझ्या उशाशी सासूबाईंनी अडकित्ता ठेवला होता, घरात चाकू नव्हता म्हणून. रात्री कूस बदलली की तो टोचायचा. भुतं आली नाहीत हे खरं, झोपही आली नाही.

अंजिरी, जो घेशील तो ओल्या हाताने उघडून बघ. दुकानात कोरड्या हाताने सगळेच उघडतात.


कलमवाले – ११ फेब्रुवारी, दुपारी ३:१८

धागा काल रात्री वाचला, आज निवांत बसलो तेव्हा लिहितोय. दापोलीच्या अलीकडे आमची रोपवाटिका आहे. आंबा, काजू, थोडा जाम. घडीचा चाकू हे माझं पोटापाण्याचं हत्यार, तेव्हा दोन शब्द.

कोय कलम बघितलंय का कोणी? पावसाच्या सुरुवातीला रुजलेल्या कोयीतून कोंब वर येतो, पानं अजून तांबूस असतात, दहा-पंधरा दिवसांचं पोर ते. जाडी पेन्सिलीहून कमी. त्याचा शेंडा उडवायचा, मधोमध उभी चीर द्यायची. मग हापूसची काडी घ्यायची, तिच्या बुडाला दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, ती चिरीत बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने आवळायची. सगळा खेळ त्या पाचरीचा. काप एका ओढीत आला पाहिजे. मधे हात थांबला, परत लावला, की कापाला उंचवटा राहतो. डोळ्याला दिसत नाही, पण चिरीत बसवलं की मधे हवा राहते. आठ दिवसांनी काडी काळी पडली की समजायचं, चाकू नाहीतर हात बोथट होता. हंगामात दिवसाला दीडेकशे बांधतो, तर दुपारपर्यंत दोनदा तरी दगडावर जावं लागतं.

धार बघायची आमची रीत: पातं अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवायचं, जोर न देता. घसरलं तर बोथट. जागच्या जागी रुतलं तर आहे. कागद कापून बघतात ते ठीक, पण बागेत कागद कुठला!

आता ताईंना मुद्द्याचं सांगतो. कोणी हौसेने "कलमाचा चाकू घ्या, धार बघा काय ती" म्हणालं तर ऐकू नका. त्याला धार एकाच अंगाने असते, दुसरं अंग सपाट. काडीला सपाट काप मिळावा म्हणून तसं. त्याने पेरू कापायला गेलात की पातं तिरकं पळतं, फोड एकीकडे जाड, एकीकडे पापुद्रा. शिवाय तो उजव्या हाताचा की डाव्या हाताचा हे बघून घ्यावा लागतो. पुतण्या डावखुरा, दोन वर्षं माझ्या चाकूने बांधत होता, त्याची कलमं निम्मी मरायची. त्याला डाव्या हाताचा आणून दिला, आता माझ्यापेक्षा बरी लागतात. मी त्याला दोन वर्षं उगाच बोललो.

मी कलमाचा चाकू वेगळा ठेवतो आणि फळाचा वेगळा. फळाचा म्हणजे वर सांगितलेला ओपिनेलच, एका गिऱ्हाइकाने दिलेला. पण एक लक्षात ठेवा, तो लाकडी मुठीचा आहे आणि आपण कोकणात राहतो. जूनच्या पंधरवड्यात लाकूड फुगतं आणि पातं आत असं चिकटतं की उघडायला दोन माणसं लागतात. मी पावसात तो डब्यात ठेवून देतो.


डोंगरवाटा – ११ फेब्रुवारी, दुपारी ४:००

कलमवाले काका, प्रतिसादाची वाचनखूण साठवली. यावर वेगळा धागाच काढा.

फुगण्याचं खरं आहे. सावोआच्या लोकांची त्यावर युक्ती आहे. कडी मोकळी करायची आणि मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोकायचं. पातं जरा बाहेर डोकावतं, मग चिमटीत धरून ओढायचं.


बव्हेरियातला_बंड्या – ११ फेब्रुवारी, रात्री ११:५५

म्युनिकहून. इकडे जर्मनीत कोणी असेल तर: २००८ पासून इथे एका हाताने उघडणारा आणि लॉक होणारा चाकू रस्त्यावर कारणाशिवाय बाळगता येत नाही. म्हणून इथल्या दुकानांत बिनलॉकचे, दोन्ही हातांनी उघडायचे साधे चाकू भरपूर. इंग्लंडला बहीण आहे, तिकडे धार तीन इंचांपर्यंत आणि लॉक नसलेला घडीचा चाकू चालतो. एकूण काय, आजोबांच्या काळातल्या चाकूला एरवी दोन्हीकडे फारशी हरकत नसते.

माझी फजिती: आईने सांगितलं म्हणून खिळ्यात खोबरेल तेल घातलं. डिसेंबरात चाकू उघडेना. तेल थिजलेलं! बाल्कनीत उभा राहून चाकूला श्वासाने ऊब देत होतो, समोरची म्हातारी बघत होती. आता खिळ्याला शिलाई मशीनचं तेल, पात्याला खोबरेल.


धोंडू_रामपुरी – १२ फेब्रुवारी, सकाळी ८:१०

एवढं वाचून मीच एक कॅडेट मागवला. रामपुरीचा आयडी बदलावा लागणार.


अंजिरी – १५ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:३०

काल दुकानात गेले. दुकानदाराने आधी मला काळे, दातेरी, भोकंभोकं पाडलेले पाच चाकू दाखवले. "मॅडम, सेफ्टीसाठी ना?" म्हटलं, पेरूसाठी. त्याने ते सगळे गोळा करून आत नेले आणि चेहरा पाडून दुसरा ट्रे आणला.

आजी, तुमचं ऐकलं. बाटलीतलं पाणी हातावर घेतलं, दुकानदार म्हणाला काउंटर पुसा. कॅडेटच्या पात्याला नखासाठी खाच आहे, पण स्प्रिंग कडक. माझी नखं बारीक कापलेली, दोनदा निसटलं. ओपिनेल ६ चं पातं मुठीच्या बाहेर बऱ्यापैकी राहतं, त्यामुळे नख न लावता चिमटीनेच उघडलं. पोलादपूरकर, पातं वरून बघितलं. बारीक आहे. दोघांचंही.

ओपिनेल घेतला. कार्बनचा. (पोलादपूरकर, माफ करा.) "खट्" होत नाही, कडीचा नुसता "सर्र" आवाज येतो. त्याची सवय करावी लागेल.


पोलादपूरकर – १५ फेब्रुवारी, रात्री ८:०१

जुलैत भेटू :)


अंजिरी – ४ मे, दुपारी २:२५

धागा वर काढते. पेन्सिली, खोकी, सुतळी सगळं उत्तम. पातं आता निळसर-करडं झालंय. काल सासरी कैरी कापली आणि सासूबाईंनी फोड तोंडात घालून तशीच हातात परत घेतली. "खिळा चघळल्यासारखं लागतंय." घरच्यांनी बोलायचा जो भाग होता तो पार पडला.

एक विचारायचं होतं. आमच्या गल्लीत सायकलवर धारवाला येतो. त्याला दिला तर?


कलमवाले – ४ मे, दुपारी ४:४०

ताई, घरच्या सुऱ्या-विळ्या द्या, हा देऊ नका. त्याचं चाक जोरात फिरतं, बारीक पातं क्षणात तापतं. धारेला निळा रंग आला की पोलादाचं पाणी उतरलं समजा. मग कितीही पाजवा, संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकत नाही. साधा गुळगुळीत दगड आणा, पाण्याने भिजवा. पात्याची पाठ दगडापासून जेमतेम उचला, रुपयाची दोन-तीन नाणी खाली सरकतील इतकी. दोन्ही अंगांनी सारखं. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर उलटं ओढा. घाई नको.


पोलादपूरकर – ४ मे, संध्याकाळी ६:१५

+१. आणि धारेवर मार्करची रेघ ओढून मग दगडावर दोनदा फिरवा. शाई कुठली गेली ते बघा. पाठीकडची गेली तर कोन कमी, फक्त धारेच्या कडेची गेली तर जास्त, सगळी गेली तर बरोबर. मी शिकाऊ मुलांना असंच शिकवतो.


अंजिरी – १३ जुलै, रात्री ९:५०

या, पोलादपूरकर, कलमवाले काका, सगळे या.

रविवारी ताम्हिणीत होतो. धो धो पाऊस. एका टपरीच्या पत्र्याखाली सातजणं, मधे सहा काकड्या. मी ऐटीत चाकू काढला. उघडेना. चिमटीने ओढला, दातात धरावा असंही मनात आलं. नवरा टपरीच्या फळीवर ठोकायला लागला, तर टपरीवाला म्हणाला, "दादा, फळी तोडू नका." ठोकून पातं नखभर बाहेर आलं आणि परत अडलं. शेवटी टपरीवाल्याने त्याची सुरी दिली. माझ्याकडे बघत दिली.


पोलादपूरकर – १३ जुलै, रात्री ९:५८

मी काही बोलत नाही.


डोंगरवाटा – १३ जुलै, रात्री १०:२०

ताई, टाकू नका. घरात पंख्याखाली दोन-तीन दिवस कोरडा होऊ द्या, मग आपोआप सैल होईल. नंतर पात्यासाठी जी खाच आहे तिच्यात बारीक पॉलिशपेपर दुमडून घाला, दोन्ही भिंती थोड्या घासा, विशेषतः खिळ्यापाशी. जास्त घासलं तर उन्हाळ्यात पातं खुळखुळेल, म्हणून थोडं थोडं. मग मूठ जवसाच्या तेलात बुडवा, रात्रभर. पुसून आठवडाभर सुकवा. मग खिळ्यापाशी मेणबत्तीचं मेण.

आणि हे महत्त्वाचं: जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. ते तेल सुकताना तापतं, फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.


अवांतर_आजी – १४ जुलै, सकाळी ६:१०

जवस चटणीसाठी आणते तेव्हा मला कोणी हे सांगितलं नाही.


अंजिरी – २४ ऑगस्ट, रात्री १०:०५

अहवाल. डोंगरवाटा म्हणाले ते सगळं केलं. मूठ तेलाने गडद झाली, चिंचेच्या जुन्या लाकडासारखी दिसते. फडकी बादलीत बुडवली. नवरा दोनदा बादलीत डोकावून गेला, पेटलंय का बघायला. आता भर पावसात पातं थोडं घट्ट उघडतं, पण उघडतं. नेलकटरवाल्या नवऱ्याने मधल्या काळात स्वतःसाठी कॅडेट घेतला. त्यात नखांची कानस आहे म्हणे, म्हणून घेतला.

आज कोल्हापूरहून रेल्वेने परत येत होते. पेरू होते. दोन कापून झाले, तेवढ्यात समोरच्या बाकावरच्या मावशी म्हणाल्या, "बाई, तो चाकू जरा देतीस का? ह्या पिशवीची गाठच सुटंना." हातात दिला नाही, आजी. बाकावर ठेवला, त्यांनी उचलला. सुतळी कापली, मग शेजारच्यांनी मागितला, मग खिडकीतल्या मुलाने. कराडपासून साताऱ्यापर्यंत तो माझ्याकडे नव्हताच. परत आला तो पदराला पुसून. मावशींनी कडी उलटी फिरवायचा बराच प्रयत्न केला, मग म्हणाल्या, "मिटायचं तूच मिट."


कलमवाले – २५ ऑगस्ट, सकाळी ७:२०

बरं झालं. यंदा पाऊस जास्त, कलमं जरा कमी लागली, पण पुतण्याची चांगली आहेत. दापोलीला आलात तर या, तो दगड दाखवतो.


धोंडू_रामपुरी – २५ ऑगस्ट, सकाळी ९:३३

सगळं वाचलं. पेरू गुलाबी होते की पांढरे, हे शेवटपर्यंत कोणी विचारलं नाही.


अंजिरी – २५ ऑगस्ट, सकाळी ९:४१

पांढरे. गुलाबी मला आवडत नाहीत.